चौकोनी सदरा, तेल पाजलेला कोट

५ सप्टेंबर १८५६ रोजी ‘अरेबिया’ नावाची आगबोट मिसुरी नदीत बुडाली. पाण्याखाली दडलेल्या अक्रोडाच्या खोडाने तिचा तळ फाडला. माणसे सगळी वाचली. बांधून ठेवलेले एक खेचर तेवढे गेले. पुढे नदीने पात्र बदलले, बोटीवर गाळ साचत गेला आणि त्या गाळावर मक्याची शेती होऊ लागली. १९८८ मध्ये कॅन्सस राज्यातल्या त्या शेतात सुमारे १४ मीटर खोल खणून बोटीतला माल वर काढण्यात आला. पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांतल्या दुकानांसाठी निघालेला तो माल होता. त्यात बूट होते, टोप्या होत्या, लोकरी कपडे होते, बटणे आणि मणी तर हजारोंनी होते. गाळाखाली हवा पोचत नसल्याने लोकर टिकली, चामडे टिकले, रेशीमही टिकले. सूत मात्र पार कुजून गेले होते. त्यामुळे सुती दोऱ्याने शिवलेल्या वस्तू सुट्या तुकड्यांत हाती आल्या. टाक्यांची भोके जागेवर होती, पण त्यांतला दोरा नव्हता. जतन करणाऱ्यांना ते तुकडे पुन्हा जुळवून शिवावे लागले.

कपडा उसवल्याशिवाय त्याचा बेत कळत नाही, असे कोणताही जुना शिंपी सांगेल. इथे उसवण्याचे काम नदीनेच करून ठेवले होते. पण त्याच नदीने आपल्याला सर्वांत हवी असलेली गोष्ट नेली. रोजच्या वापरातले सदरे, झगे, परकर, उन्हाची टोपडी हे सगळे सुतीच असे. जे पाण्यात बुडाले नाही तेही फारसे उरले नाही, कारण मोठ्यांचा कपडा विरला की तो मुलांसाठी बेतला जाई आणि तोही विरला की गोधडीत जाई. लग्नाचा झगा पेटीत राहिला म्हणून संग्रहालयापर्यंत पोचला. गाईची धार काढताना अंगावर असायचा तो झगा पोचला नाही. फोटोंवरही विसंबून चालत नाही. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून नेब्रास्कातल्या कस्टर परगण्यात गवताळ मातीच्या ढेपांनी बांधलेल्या घरांसमोर कुटुंबेच्या कुटुंबे उभी करून फोटो काढले. एका कुटुंबाने तर फोटोसाठी पायपेटी अंगणात ओढून आणली होती. जे लोक पायपेटी बाहेर आणतात ते ठेवणीतले कपडेही बाहेर काढतातच.

म्हणून फ्रंटियरचे आणि आउटबॅकचे कपडे आज नव्याने शिवणे हे हौसेचे काम असले तरी त्यात शोधाचा भाग मोठा आहे. फ्रंटियर म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेली गोऱ्या वसाहतीची कड. आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कोरडा, विरळ वस्तीचा अंतर्भाग. दोन्ही ठिकाणी आधीपासून माणसे राहत होती आणि त्यांचे स्वतःचे कपडे होते. त्यांतल्या एका कपड्याकडे शेवटी येतोच. या दोन मुलखांत महासागराचे अंतर असले तरी शिवणाऱ्याच्या दृष्टीने अडचणी सारख्याच होत्या. दुकान दूर, कापड महाग, काम अंगमेहनतीचे आणि शिंपी नाही.

पॅटर्नची गोष्ट इथेच सुरू होते, आणि जरा गमतीची आहे. ज्या लोकांचे कपडे आपण आज पाकिटातल्या पॅटर्नवरून शिवतो त्यांच्यापैकी बहुतेकांकडे पॅटर्न नव्हताच. जुना कपडा उसवायचा, त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवायचे, माया सोडून कापायचे, ही त्यांची रीत. बायकांच्या मासिकांत पोशाखांच्या आकृत्या येत, पण त्या हाताच्या पंजाएवढ्या, आणि त्यांवर चार-दोन मापे. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी पॅटर्न विकायला काढले. बायको एलेन हिला मुलासाठी कपडा बेतताना मापे लहान-मोठी करण्याचा त्रास होत होता आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी कथा सांगतात. खरी नवलाई कागदाची नव्हती. एकच नमुना लहान, मध्यम, मोठ्या मापांत घरबसल्या मिळणे ही ती नवलाई होती. शिवणयंत्र त्याआधीच आले होते. एलियास हाउचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगरचे १८५१ चे, आणि १८५० चे दशक संपण्याआधी सिंगरची यंत्रे हप्त्यांवरही मिळू लागली. १८६९ मध्ये रेल्वेने अमेरिकेचे दोन किनारे जोडले तेव्हा यंत्र, पॅटर्न आणि कापड तिन्ही एकाच गाडीतून पश्चिमेकडे जाऊ शकत होती.

त्या काळचे पॅटर्न आज हातात घेतले तर गोंधळायला होते. पातळ पारदर्शक कागद, त्यावर एक अक्षर छापलेले नाही. नुसती भोके आणि कडेला खाचा. कुठले भोक चुणीसाठी, कुठले उभ्या धाग्यासाठी, हे पाकिटावरच्या चार ओळींवरून समजून घ्यायचे. छापील रेषा आणि सूचना असलेले पॅटर्न १९२० च्या सुमारास आले. तोवर शिवणारीला बरेच काही आधीच येते असे गृहीत धरले जाई, आणि ते बरोबरही होते.

आजचे ऐतिहासिक पॅटर्न मात्र दुसऱ्या वाटेने आले. १९६४ मध्ये जॅनेट अर्नोल्ड या ब्रिटिश अभ्यासिकेने ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या मालिकेचा पहिला खंड काढला. संग्रहालयातला खरा झगा टेबलावर पसरून, इंच-इंच मोजून, एक-अष्टमांश मापात चौकटीच्या कागदावर उतरवायचा, ही तिची पद्धत. पुढे १९७४ मध्ये ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ही मालिका अमेरिकेत टीव्हीवर सुरू झाली, १९७६ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्याची दोनशे वर्षे साजरी झाली, आणि जुन्या कपड्यांचे वेड घरोघरी शिरले. त्याच दशकात कॅलिफोर्नियात ‘फोकवेअर’ ही पॅटर्न कंपनी निघाली. तिच्या यादीत प्रेअरीचा, म्हणजे अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरचा, झगाही आहे आणि ऑस्ट्रेलियन ड्रोव्हरचा, म्हणजे गुरांचे तांडे शेकडो मैल हाकत नेणाऱ्याचा, कोटही आहे. आता अशा छोट्या कंपन्या बऱ्याच आहेत. काहींचे पॅटर्न खऱ्या जुन्या कपड्यावरून उतरवलेले असतात, काहींचे सिनेमावरून. पाकिटावर मूळ कपड्याचा काळ आणि तो कुठल्या संग्रहात आहे हे लिहिलेले असेल तर पैसे टाकावेत. नुसते ‘पश्चिमेचा पोशाख’ एवढेच असेल तर पाकीट खाली ठेवावे.

या प्रकरणात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. जुन्या पॅटर्नमध्ये आपल्या डोळ्यांना जे चुकीचे दिसते तेच बहुधा त्या कपड्याचे मर्म असते. आजचा शिवणारा खांदा सैल पाहून तो आत घेतो, बगलेतला तुकडा फालतू समजून गाळतो, पँटच्या बुडाचा झोळ काढून टाकतो. असा दुरुस्त केलेला कपडा आरशात छान दिसतो, पण तो त्या काळाचा राहत नाही आणि त्यात ते कामही करता येत नाही.

सदरा घेऊन पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कामकऱ्याचा सदरा, मग तो मिसुरीवरच्या नावाड्याचा असो की न्यू साउथ वेल्समधल्या मेंढपाळाचा, जवळजवळ सगळा चौकोनांचा बनतो. पाठ आणि पुढा मिळून एक लांब पट्टा, कापडाच्या पूर्ण पन्ह्याचा. तो खांद्यावर दुमडायचा, दुमडीवर आडवा छेद गळ्यासाठी आणि पुढे छातीपर्यंत उभा छेद. बाह्या दोन आयत. कॉलर आयत, कफ आयत, खांद्यावरची मजबुतीची पट्टी आयत. बगलेत एकेक चौकोन, गळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण, आणि बाजूच्या फटी जिथे सुरू होतात तिथे नखाएवढे तुकडे. कात्रीला वळण घ्यावेच लागत नाही. कापड चांगले विणलेले असेल तर कात्रीही नको. एक धागा ओढून काढला की त्या रेषेवर सरळ फाडता येते. शेवटी उरते ती चिंधी मुठीत मावते.

अशा सदऱ्यात खांद्याची शिवण खांद्यावर नसते, दंडावर उतरते. मुंढा गोल कापलेला नसतो. बाही सरळ पट्ट्याला सरळ जोडली की हात वर करताना बगल ताणते आणि शिवण फाटते; तो ताण बगलेतला चौकोन घेतो, कारण तो बाहीत शिवला की तिरका बसतो आणि तिरक्या धाग्यावर कापड लवचीक होते. आपल्या बंडीत, कुडत्यात हेच आहे. जुन्या मराठी शिंप्याला हा तुकडा दाखवला तर तो त्याला चौबगला म्हणेल आणि यात नवीन काय, असे विचारेल. पहिल्यांदा शिवणारा नेमका या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर अडतो. उपाय सोपा आहे. कोपऱ्यावर खडूने ठिपका द्यावा, यंत्राची टीप त्या ठिपक्यावर थांबवावी, सुई कापडात ठेवून दाबपट्टी उचलावी, कापड फिरवावे. ठिपक्याच्या पुढे एक टाकाही गेला तर उलटल्यावर तिथे चुणी दिसते. हाताने शिवले तर ही कटकट नाही, आणि त्या काळचे सदरे हातानेच शिवलेले असत.

पुढून पूर्ण उघडणारा, वरपासून खालपर्यंत बटणांचा सदरा शतकाच्या शेवटाकडे रुळला. त्याआधीचा डोक्यावरून घालायचा. सिनेमातल्या सोन्याच्या खाणींवरच्या दृश्यात बटणांचा आखूड सदरा दिसला की समजावे, पोशाख भाड्याने आणलेला आहे. सदऱ्याची पाठही लांब असे, कारण ती पायांमध्ये दुमडून घेतली की आतल्या चड्डीची गरज भागे.

सिडनीतल्या हाइड पार्क बॅरॅक्समध्ये असा एक सदरा सापडला आहे. १८१९ मध्ये उघडलेली ही इमारत हद्दपारीची शिक्षा झालेल्या कैद्यांची होती. लाकडी तळजमिनीखाली उंदरांनी वर्षानुवर्षे कापडाच्या चिंध्या ओढून नेऊन घरटी केली, आणि १९८० च्या सुमारास उत्खनन झाले तेव्हा त्या कोरड्या पोकळीतून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुती सदरा बाहेर आला. कैद्यांचे रोजचे कपडे जगात फारच थोडे उरले आहेत, त्यामुळे उंदरांचे उपकार मोठे आहेत. कैद्यांच्या पँटचा बेत तर शिवणाऱ्याने मुद्दाम पाहावा. दोन्ही पायांच्या बाहेरच्या बाजूला शिवणीऐवजी वरपासून खालपर्यंत बटणे. पायात बेडी असलेल्या माणसाला पँट घालायची तर ती पायातून वर ओढता येत नाही, बाजूने गुंडाळून बटणे लावावी लागतात. नुसता पॅटर्न टेबलावर पसरला तरी शिक्षा कळते.

मोकळ्या माणसाच्या पँटबद्दल सिनेमाने फार गैरसमज करून ठेवले आहेत. काउबॉयची घट्ट जीन आणि रुंद पट्टा ही विसाव्या शतकातली जोडी आहे. नेवाडातल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याने लाकूडतोड्याच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून घोड्याच्या झुलींसाठी आणलेले तांब्याचे रिव्हेट खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले, कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसला भागीदार केले आणि २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळाले. त्या पँटला पट्ट्याची घरे नव्हती. ती १९२२ मध्ये आली. तोवर पँट खांद्यावरच्या गॅलसवर टांगलेली असे आणि मागे कमरेला आवळायला बकलाची छोटी पट्टी. मागचा झोळ हा घोड्यावर बसायला, वाकायला, उकिडवे बसायला ठेवलेला आहे. ऑस्ट्रेलियात हेच काम मोलस्किनची पँट करी. मोलस्किन म्हणजे घट्ट विणीचे जाड सुती कापड, एका बाजूने घासून मऊ केलेले. त्याला लव असते, तेव्हा सगळे तुकडे एकाच दिशेने कापावेत. एक पाय उलट्या दिशेने कापला तर उन्हात तो वेगळ्या रंगाचा दिसतो आणि मग काही करता येत नाही.

बायकांच्या कपड्यांकडे वळले की घेर समोर येतो. प्रेअरीवरच्या रोजच्या झग्याला अरुंद पन्ह्याचे छापील सुती कापड आठ-दहा वार लागे. चोळीचा भाग अंगाबरोबर, आत साध्या कापडाचे अस्तर, कमरेला पट्टी आणि तिला तीन-साडेतीन मीटरचा घेर जोडलेला. एवढा घेर कमरेत मावतो कसा? साध्या चुण्या घातल्या तर कमरेवर कापडाचा गठ्ठा होतो. त्यासाठी कापडाची वरची कड दुमडून तिच्यावर समान अंतराने दोन-तीन समांतर धावदोरे घालतात. वरच्या ओळीतल्या टाक्याच्या अगदी खाली खालच्या ओळीतला टाका यायला हवा. चौकड्यांचे कापड असेल तर चौकटी मोजत जावे, नाहीतर खडूचे ठिपके. मग सगळे दोरे एकदम ओढायचे. कापड बासरीच्या नळ्यांसारख्या बारीक उभ्या घड्यांत गोळा होते. प्रत्येक घडीचे टोक कमरपट्टीला हाताने दोन टाके घालून पकडायचे. घेर शिवणीपासून सरळ खाली न लोंबता आधी बाहेर उठतो आणि मग पडतो. यंत्राने हे होत नाही. संध्याकाळ जाते, पण त्या काळच्या चित्रांतली कंबर जशी दिसते तशी दुसऱ्या कुठल्याच रीतीने दिसत नाही. आणखी एक फायदा असा की दोरे काढले की सगळे कापड कुठेही न कापलेले, आख्खे परत मिळते. खालची कड झिजली की बायका घेर उसवून वरची बाजू खाली करून पुन्हा जोडत.

ओरेगॉनच्या वाटेवर बैलगाड्यांच्या तांड्यांना ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापायचे असे आणि त्याला चार ते सहा महिने लागत. बहुतेक लोक ते अंतर चालत जात. सपाट मैदानात वारा घेर उडवी, म्हणून काही बायकांनी खालच्या दुमडीत शिशाचे छर्रे शिवले. मुलींच्या झग्यांना खाली दोन-तीन आडव्या घड्या घालून ठेवत. मूल उंच झाले की एकेक घडी सोडायची. ही घडी पॅटर्नमध्ये असेल तर नक्षी समजून वगळू नये.

टोपडे हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात हुशार तुकडा. त्याच्या पुढच्या छज्जासारख्या भागात बोटभर रुंदीचे उभे कप्पे शिवतात आणि त्यांत पुठ्ठ्याच्या किंवा पातळ लाकडाच्या पट्ट्या सरकवतात. टोपडे धुवायचे असले की पट्ट्या काढायच्या, वाळले की परत घालायच्या. मागे मानेवर कापडाची झालर असते, ती ऊन अडवते. पट्ट्यांची लांबी सारखी नसेल तर छज्जा वाकडा बसतो, तेव्हा पुठ्ठा कापताना आधी एक पट्टी नमुना म्हणून कापून बाकीच्या तिच्यावरून काढाव्यात. घालून पाहिल्यावर कळते की बाजूचे काहीच दिसत नाही. मान पूर्ण वळवावी लागते. त्या बायका दिवसभर असेच जग पाहत होत्या, हे पुस्तकात वाचून ध्यानात येत नाही.

शिवणकाम हे पैशाचेही काम होते. लॉरा इंगल्स वाइल्डरने आपल्या लहानपणावर लिहिलेल्या कादंबऱ्यांपैकी एकीत डाकोटातल्या गावात दिवसाला २५ सेंटवर सदरे शिवल्याचे सांगितले आहे.

कापडाच्या वाटेवर मुंबई लागते. मुंबईतल्या डोंगरी नावाच्या भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड जहाजांवर, शिडांसाठी आणि खलाशांच्या कपड्यांसाठी फार खपे. इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘डंगरी’ झाले. १७९८ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या रॉबर्ट कॅम्पबेलसारख्या व्यापाऱ्यांनी सिडनीत हिंदुस्थानी माल उतरवायला सुरुवात केली, आणि हॉक्सबरी नदीकाठच्या गरीब शेतकऱ्यांच्या अंगावर हे निळे कापड आले. इतके, की १८२७ मध्ये छापलेल्या पुस्तकात पीटर कनिंगहॅम हा डॉक्टर त्यांचा उल्लेख ‘डंगरी सेटलर’ असाच करतो. शतकाच्या शेवटाकडे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात कापडचोपड घेऊन फिरणारे हिंदुस्थानी फेरीवाले, बहुतेक पंजाबचे, घोडागाडीतून एकेका एकाकी घरापर्यंत जात. कापड, दोरा, सुया, बटणे आणि तयार कपडे त्यांच्याकडे मिळत. आउटबॅकमधला एखादा झगा शिवताना त्याचे कापड कुणी पोचवले असेल, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा फेटेवाला माणूस असे आहे. लोकप्रिय पुस्तकांतल्या चित्रांत तो क्वचितच दिसतो.

आता कोट. ऑस्ट्रेलियन घोडेस्वाराचा लांब तेली कोट सर्वांना ठाऊक झाला तो २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनामुळे, जिथे १२० घोडेस्वार तो घालून मैदानात उतरले. मूळ कल्पना खलाशांची. जहाजाच्या शिडाचे कापड घ्यायचे आणि त्याला जवसाचे तेल पाजायचे. ‘ड्रायझा-बोन’ ही कंपनी याच धंद्यातून १८९८ मध्ये उभी राहिली. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि कापडावर पापुद्रा धरते. एकावर एक हात देऊन प्रत्येक हात दिवसच्या दिवस वाळवावा लागे. असा कोट उन्हात चिकट होई, थंडीत कडक. हा प्रयोग घरी करणाऱ्याने एक खबरदारी घ्यावी. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

या कोटाचा बेत समजून घ्यायचा तर तो उभ्या माणसावर नव्हे, घोड्यावर बसलेल्या माणसावर पाहायला हवा. मागे खालपर्यंत फट आहे आणि फटीत पंख्यासारखा जादा तुकडा आहे. बसल्यावर तो खोगिराच्या मागे पसरतो आणि पाणी खोगिरात शिरत नाही. आतल्या बाजूला मांडीभोवती बांधायच्या पट्ट्या, म्हणजे वाऱ्याने कोटाची बाजू उडत नाही. खांद्यावर दुहेरी कापडाची झूल, कारण पाऊस आधी तिथेच मुरतो. बाह्या आपल्याला लांब वाटतात. लगाम धरायला हात पुढे केला की मनगटावर बरोबर येतात. बाही आखूड करणाऱ्याने घोडा पाहिलेला नाही.

मेण लावलेल्या किंवा तेल पाजलेल्या कापडावर टाचणी चालत नाही, कारण टाचणीचे भोक बुजत नाही. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे वापरावेत. त्याच कारणाने उसवणेही नाही. म्हणून आधी मांजरपाटात पूर्ण कोट कच्च्या टाक्यांनी शिवून, अंगावर घालून, खुर्चीवर उलटे बसून पाहावा आणि मगच खऱ्या कापडाला हात लावावा. सुई जाड, १०० नंबरची, टाका लांब, शिवण अशी की दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दुहेरी टीप. इस्त्री नाही. घड्या नखाने किंवा लाकडी पट्टीने दाबाव्यात. तयार मेणकापड मिळत नसेल तर घट्ट विणीचे ड्रिल किंवा पातळ कॅनव्हास शिवून घ्यावे आणि नंतर मधमाश्यांचे मेण व पॅराफिन एकत्र वितळवून ब्रशने द्यावे.

हॅट आणि बूट यांचा विचार शिवणाऱ्याने सोडून द्यावा. सशाच्या केसांची फेल्ट हॅट किंवा एका अखंड चामड्याचा इलॅस्टिकचा बूट हे वेगळ्या कारागिरांचे काम आहे, ते विकत घ्यावे.

राहिला तो कपडा, ज्याला कागदी पॅटर्न कधीच नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातले आदिवासी समाज पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातड्यांचे झगे वापरत. बाळाला थोड्या कातड्यांची गुंडाळी मिळे आणि ते वाढेल तशी तिला आणखी कातडी जोडली जात. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरांचा दोरा, आतल्या बाजूला कोरलेल्या खुणा आणि गेरूचा रंग. त्या खुणांत कुळ आणि भूमी यांची नोंद असे. वसाहतीच्या सरकारने त्यांच्या जागी लोकरी ब्लँकेट वाटली, जी पावसात भिजत आणि माणसे आजारी पडत. जुने झगे मोजकेच उरले. त्यांतले दोन, १८५३ चा आणि १८७२ चा, मेलबर्नच्या संग्रहालयात आहेत. १९९९ पासून व्हिकी कझेन्स, ट्रीअना हॅम आणि ली डॅरॉक या स्त्री-कलाकारांनी हे दोन झगे पाहून ती कला पुन्हा उभी केली, आणि २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनाला समाजातली वडीलधारी माणसे नवे झगे घालून आली. ऑस्ट्रेलियात पॉसम संरक्षित आहे, त्यामुळे कातडी न्यूझीलंडहून येतात, जिथे तोच प्राणी उपद्रवी ठरला आहे. या झग्यांवरच्या खुणा ज्यांच्या आहेत त्यांच्याच आहेत. हौशी शिवणाऱ्याने ते पाहावेत, समजून घ्यावेत आणि नक्कल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकी सगळे शिवायला खुले आहे. सुरुवात कोटाने करू नका. कोट हा तिसरा-चौथा कपडा. पहिला सदरा करा. मोठ्या पन्ह्याचे तीन मीटर मांजरपाट आणा, रात्रभर पाण्यात भिजवून आटवून घ्या, कापड फाडूनच वेगळे करा, बगलेतला चौकोन गाळू नका आणि खांदा आत घेऊ नका. शिवून झाल्यावर तो घालून अर्धा तास अंगणातले किंवा घरातले जड काम करा. कुठे ताणले, कुठे फाटले, तिथे पॅटर्न पुन्हा पाहा. बहुतेक वेळा पॅटर्न बरोबर असतो.